चिऱ्याच्या कौलारू घराचा प्लॅन कॅडमध्ये कसा काढावा

कोकणात घराचा प्लॅन खोल्यांपासून सुरू केला की तो बहुतेक वेळा दोनदा काढावा लागतो. आधी खोल्या बसतात, मग छप्पर बसवायला जावं तर पडवीच्या कडेला डोकं आपटतं, नाहीतर पागोळी शेजाऱ्याच्या गडग्यावर पडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वाऱ्यासकट, नैर्ऋत्येकडून तिरका येतो. म्हणून कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आधी जमीन, मग छपराची रूपरेषा आणि त्याच्या आत भिंती, असा क्रम ठेवावा. पुढे एका साध्या दोनपाखी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींच्या, समोर पडवी असलेल्या घराचं उदाहरण घेतलं आहे. आकडे खरे बसणारे आहेत. ते तसेच्या तसे टाकून सराव करता येईल.

जागेवर घ्यायची मापं

सोबत तीन कागद हवेत: सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची क प्रत आणि गाव नकाशातला आपला भाग. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलण्यात गुंठे असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. फरक लहान दिसतो, पण दहा गुंठ्यांत बारा चौरस मीटरची तफावत पडते. आपल्या फाईलमध्ये फक्त चौरस मीटर धरा.

कोकणातला प्लॉट क्वचितच काटकोनी असतो. चार बाजू मोजल्या म्हणजे आकार ठरत नाही. त्याच चार बाजूंचे कितीतरी वेगवेगळे चौकोन होतात. एक कर्ण मोजला की आकार पक्का होतो आणि दुसरा कर्ण तपासणीला लागतो. दोन्ही मोजाच. विहिरीचा मध्य, मोठी झाडं, वाट, विजेचा खांब यांची जागाही अशीच धरा: हद्दीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून प्रत्येकी एक अंतर. टेप उतारावर जमिनीला टेकवून ओढू नका, आडवी धरा. उतारावरचं अंतर आडव्या अंतरापेक्षा नेहमी जास्त येतं आणि नकाशात आडवंच लागतं.

जमिनीचे चढउतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीने घेता येतात. घराच्या चार संभाव्य कोपऱ्यांवर आणि मध्यभागी, अशा पाच ठिकाणांचे लेव्हल पुरतात. सर्वांत उंच ठिकाण शून्य धरून बाकीचे वजा लिहा. जोत्याची उंची आणि मातीच्या भरावाचा खर्च याच पाच आकड्यांवर ठरतो.

शेवटचं माप चिऱ्याचं. बाजारात १४ × ९ × ७ इंच असं सर्रास म्हटलं जातं, पण खाणीगणिक आणि तासणीगणिक ते बदलतं. ज्या खाणीचा चिरा येणार तिथले दहा चिरे मोजून सरासरी काढा. भिंतीची जाडी आणि थरांची उंची त्यावरच अवलंबून आहे.

सॉफ्टवेअर, एकक आणि लेयर

ऑटोकॅड असेल तर उत्तम. नसेल तर लिब्रेकॅड फुकट आहे आणि एका घराच्या प्लॅनला पुरेसं आहे. लिब्रेकॅड फाईल डीएक्सएफमध्ये साठवतं. पुढे आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडे डीएक्सएफ दिली तर ते ऑटोकॅडमध्ये उघडून काम चालू ठेवू शकतात. खाली आज्ञांची नावं ऑटोकॅडची आहेत. लिब्रेकॅडमध्ये ऑफसेटला समांतर रेषेचं साधन आहे, बाकी विचार तोच.

एकक मिलिमीटर ठेवा. गवंडी आणि सुतार फुटांत बोलतात, मंजुरी मीटरमध्ये लागते, आणि या ओढाताणीत ‘एक फूट म्हणजे तीनशे’ असं धरलं जातं. एक फूट ३०४.८ मिलिमीटर आहे. तीस फुटांच्या घरात ही सवय १४४ मिलिमीटर खाते, म्हणजे भिंतीची अर्ध्याहून जास्त जाडी गायब. काम मिलिमीटरमध्येच करा आणि फूट-इंच हवे असतील तर डायमेन्शन स्टाईलमध्ये पर्यायी एकक चालू करा: आर्किटेक्चरल पद्धत, गुणक ०.०३९३७. मग प्रत्येक मापाशेजारी फूट-इंच आपोआप दिसतात.

युनिट्सच्या खिडकीत ‘इन्सर्शन स्केल’ही मिलिमीटर करायला विसरू नका. ते इंचावर राहिलं की बाहेरून आणलेला पलंग किंवा बेसिन २५.४ पट मोठं किंवा लहान येतं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट: आज्ञा आणि आकडे देताना कळफलक इंग्रजीवर असू द्या. मराठी कळफलक चालू राहिला तर आकडे देवनागरीत जातात आणि सॉफ्टवेअर ते अंक म्हणून घेत नाही. इथे लेखात आकडे देवनागरीत आहेत, टाईप करताना ते इंग्रजी अंकांत करायचे.

लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, सुरुवातीलाच करून ठेवा. नावं लहान आणि इंग्रजी ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर बिघडत नाहीत. प्लॉट, भिंत, दार-खिडकी, छप्पर, फर्निचर, मापं, मजकूर, हॅच (कापलेल्या भिंतीच्या आतलं रेघांचं भरण), पाणी-सांडपाणी आणि प्रिंट न होणाऱ्या मदतीच्या रेषा, एवढे दहा पुरतात. रेषेची जाडी लेयरलाच द्या: कापलेल्या भिंतीला ०.५० मिलिमीटर, दार-खिडक्यांना ०.२५, फर्निचर आणि मापांना ०.१८, हॅचला ०.०९. रंग आणि जाडी प्रत्येक वस्तूला वेगळी देऊ नका, ‘बाय लेयर’ ठेवा. नाहीतर शेवटी एक बदल करायला शंभर रेषा निवडाव्या लागतात.

आधी प्लॉट

पहिली बाजू लाईनने काढा. तिच्या एका टोकावर शेजारच्या बाजूच्या लांबीचं वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावर कर्णाच्या लांबीचं वर्तुळ काढा. दोन्ही जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. त्याच पद्धतीने, उरलेल्या दोन बाजूंच्या वर्तुळांनी, चौथा. मग मोजलेला दुसरा कर्ण डिस्टन्सने तपासा. १०० मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर टेपच्या ताणाचा समजा. अर्ध्या मीटरचा असेल तर कुठलातरी आकडा चुकीचा लिहिला गेला आहे, परत जागेवर जा. चालवून घेऊ नका. ही आकृती क प्रतीवरच्या मापांशी जुळते का तेही आत्ताच पाहा. वर्तुळं मदतीच्या लेयरवर असली की नंतर एका टिचकीत लपवता येतात.

आता विहीर. विहिरीच्या मध्यावर १८००० त्रिज्येचं वर्तुळ काढा. शोषखड्डा या वर्तुळाच्या बाहेरच. शेजाऱ्याची विहीर हद्दीजवळ असेल तर तिचंही वर्तुळ काढा. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो. सांडपाणी त्यातून उताराकडे सरकतं, त्यामुळे वर्तुळाबाहेर असूनही शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. मघाचे पाच लेव्हल इथे कामाला येतात.

माडाभोवती चारेक मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून ठेवा. त्या घेरात छप्पर गेलं तर नारळ आणि झावळ्या कौलांवर पडणार. झाड तोडायचा विचार करण्याआधी घर दोन मीटर सरकवून पाहा. कॅडमध्ये सरकवायला काही लागत नाही.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची रेषा प्लॉटवर आणणं अपरिहार्य आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांत येते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर विकास-निषिद्ध पट्टा दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि बाकीच्या भागात २०० मीटर आहे. भरतीरेषा डोळ्यांनी ठरवायची नाही. ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावरूनच घ्यायची.

शेवटी हद्दीपासून आत सोडायचं अंतर. ते आपल्या भागाला लागू नियमांप्रमाणे ऑफसेटने काढा आणि त्या रेषेला तुटक करा. हे अंतर भिंतीपासून मोजलं तरी पाणी भिंतीपाशी पडत नाही, वळचणीच्या टोकाला पडतं. पागोळी आपल्याच जमिनीत पडली पाहिजे, हे इथेच तपासा. पावसाळ्यातले बरेच हद्दीचे तंटे भिंतीबाहेर काढलेल्या या वळचणीचे असतात.

भिंती

आयत हाच आकार घ्या. एल आकाराचं घर कागदावर आकर्षक दिसतं, पण दोन पाखी आतल्या कोपऱ्यात भेटतात तिथे पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत आंब्या-फणसाचा पाला साचतो, पाणी उलटं कौलांखाली शिरतं आणि दर शाकारणीला तिथेच दुरुस्ती निघते. खोल्या जास्त हव्या असतील तर आयत लांब करा.

आपलं उदाहरण बाहेरून ८४९० × ७८९० मिलिमीटरचं आहे. आडवी मांडणी: भिंत २३०, खोली ३६००, भिंत २३०, खोली ४२००, भिंत २३०. उभी मांडणी समोरून मागे: भिंत २३०, खोली ४२००, भिंत २३०, खोली ३०००, भिंत २३०. दोन्ही बेरजा हाताने करून पाहा. बेरीज कागदावर जुळत नसेल तर ती पडद्यावरही जुळणार नाही. ९ इंची भिंतीसाठी २३० धरलं आहे. तुमच्या चिऱ्याची सरासरी २२० आली तर सगळीकडे २२० घ्या. गिलावा या मापात धरू नका, तो खोलीच्या आत दोन्हीकडून साधारण १५ ते २० मिलिमीटर खातो. ओटा, कपाट, फरशी यांची मापं काढताना ते वजा करायचं.

रेक्टँगल घेऊन पहिला बिंदू ०,० आणि दुसरा @८४९०,७८९०. ऑफसेट २३० आत. आतला आयत एक्सप्लोड करा, म्हणजे त्याच्या चार सुट्या रेषा होतील. मग आतल्या डाव्या रेषेला ३६०० ने ऑफसेट, त्या नव्या रेषेला २३० ने ऑफसेट. तसंच आतल्या समोरच्या रेषेला ४२०० आणि पुढे २३०. चार रेषा एकमेकींना कापतात ते तुकडे ट्रिमने काढा. कोपरे नीट भिडत नसतील तर फिलेट, त्रिज्या शून्य. सरकवून अंदाजाने जोडलेला कोपरा दिसायला जुळतो आणि हॅच करताना फुटतो. या सगळ्या वेळी ऑर्थो म्हणजे एफ८ आणि ऑब्जेक्ट स्नॅप म्हणजे एफ३ चालू हवेत. स्नॅपमध्ये एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन आणि परपेंडिक्युलर एवढेच ठेवा. सगळे चालू ठेवले की कर्सर भलत्याच बिंदूला चिकटतो.

समोरची मोठी खोली माजघर, ४.२ × ४.२ मीटर. तिच्या डावीकडे झोपायची खोली ३.६ × ४.२. मागे उजवीकडे स्वयंपाकघर ४.२ × ३.०. मागे डावीकडचा ३६०० चा भाग ११५ च्या विटेच्या भिंतीने विभागा: बाहेरच्या अंगाला १५०० चं न्हाणीघर-संडास, उरलेले १९८५ देवघर किंवा कोठार, दार स्वयंपाकघरातून. न्हाणीघराला एक दार झोपायच्या खोलीतून आणि एक मागच्या बाजूने द्या. शेतातून, वाडीतून चिखल घेऊन आलेल्या माणसाला घरातून जावं लागू नये.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर आहे, स्वयंपाकघराचं ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर. एरिया आज्ञेने प्रत्येक खोली तपासा. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येतं. दहा लाखांनी भागा. माजघर १७.६४, झोपायची खोली १५.१२, स्वयंपाकघर १२.६०, न्हाणीघर ४.५०. घराचं बाहेरून क्षेत्र ६६.९९ चौरस मीटर, म्हणजे ७२१ चौरस फूट, पडवी वेगळी.

प्लॅनशेजारी छेद

हा टप्पा बरेच जण प्लॅन ‘झाल्यावर’ करतात आणि सगळा पेच तिथेच असतो. भिंती उभ्या राहताच प्लॅनच्या बाजूला त्याच मापात घराचा उभा छेद काढा. दारं-खिडक्या त्यानंतर.

आढं समोरच्या भिंतीला समांतर, घराच्या मध्यावर धरा. बाहेरच्या भिंतीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर ७८९० चं निम्मं, ३९४५. मंगलोरी कौलांना ३० अंशांचा उतार चांगला. त्याहून सपाट केला तर वाऱ्याबरोबरचा पाऊस कौलांच्या जोडातून वर ढकलला जातो. ३० अंशांत ३९४५ वर चढ २२७८ मिलिमीटर येतो. लाईन काढताना @४६००<३० असं दिलं की उतार स्वतः आखला जातो, गणित करावं लागत नाही.

आता तोच उतार खाली पडवीवर न्या. पडवी २००० मिलिमीटर खोल. उतार दोन मीटरला ११५५ ने उतरतो. भिंतीचा माथा जमिनीपासून नव्हे, घरातल्या फरशीपासून ३००० ठेवला तर पडवीच्या खांबाच्या बाहेरच्या कडेला छप्पर १८४५ वर येतं. पडवीची फरशी घरापेक्षा एक पायरी, १५० ने खाली घेतली तरी १९९५. त्यातून पाटाची (खांबांवरच्या आडव्या तुळईची) जाडी वजा केली की उंच माणसाचं डोकं लागतं. पुढे वळचण ७५० बाहेर काढली की छपराची कड आणखी ४३३ ने उतरते. जोतं ६०० असेल तर खाली खळ्यातून (अंगणातून) पाहणाऱ्याला ती कड २०१२ वर दिसते आणि ओलं छप्पर डोक्याला घासून आत शिरावं लागतं.

भिंतीचा माथा ३३०० करा. खांबापाशी पडवीच्या फरशीवरून २२९५ मिळतात, वळचणीची कड खळ्यापासून २३१२ वर जाते. चिऱ्याचे दोन थर वाढतात, पण घर वापरता येतं. दुसरा उपाय म्हणजे पडवीचा उतार थोडा मोडून सपाट करणं. जुन्या घरांत तसा मोड दिसतो. मात्र मोडाच्या ओळीत कौलं नीट बसवणारा सुतार हवा, आणि पडवी पश्चिमेला असेल तर सपाट उतारावर पावसाचा मारा जास्त. उंची वाढवणं जास्त भरवशाचं.

वळचण किती बाहेर काढायची? ४५० वर थांबलात तर शिंतोड्यांनी जोत्यावरचे पहिले दोन-तीन थर सतत ओले राहतात आणि जांभा पाणी धरतो. जास्त बाहेर काढली की वारा खालून उचलतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात कौलं आणि पत्रे उडालेली घरं दापोली-मंडणगडपर्यंत होती. आधाराशिवाय ७५० पुरे, आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला किंवा काँक्रीटच्या पट्ट्याला पट्टीने जखडायचे हे छेदावरच लिहा. घर फिरवायची मोकळीक असेल तर पाखी पश्चिमेकडे येऊ द्या, त्रिकोणी भिंत दक्षिण-उत्तरेला. त्रिकोणी भिंतीवर वळचणीची सावली पडत नाही, पावसाचा मार थेट बसतो.

छेद जुळला की प्लॅनवर छपराची कड तुटक रेषेने काढा: मागे आणि दोन्ही बाजूंना भिंतीबाहेर ७५०, समोर २७५०. त्यातली समोरची आणि मागची कड हीच पागोळीची ओळ. तिच्याखाली मध्य धरून ३०० रुंदीची गटार काढा आणि तिचा उतार कुठे जातो तो बाण दाखवा. तुटक रेषा सलग दिसत असेल तर एलटीस्केल (तुटक रेषेचं प्रमाण) वाढवून पाहा. रेषा बिघडलेली नसते, ठिपक्यांमधलं अंतर दिसण्याइतकं मोठं नसतं.

खांब आणि दार एकत्र

पडवीचे खांब २३० चौरस घ्या. ८४९० लांबीत टोकाच्या खांबांचे मध्य ११५ आणि ८३७५ वर. पाच खांब समान अंतरावर लावले तर एकाचा मध्य ६३१० वर येतो, आणि माजघराचा मध्य ६१६० वर आहे. दार माजघराच्या मध्यावर काढलंत की दारासमोर खांब उभा. चार खांब घेतले तर ते ११५, २८६८, ५६२२, ८३७५ वर येतात. शेवटच्या दोन खांबांचा मध्य ७००० धरा. मुख्य दाराचा मध्य तिथे आणा. १०५० चं दार ६४७५ ते ७५२५ बसतं, आतल्या कोपऱ्यापासून ७३५ अंतर उरतं. त्याच भिंतीत ४६६० ते ५८६० अशी १२०० ची खिडकी येते आणि दोन्हींच्या मध्ये ६१५ ची भिंत राहते. भार घेणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीत कोपऱ्यापासून आणि दोन भोकांमध्ये निदान ६०० सोडायचे. त्याहून कमी ठेवलं की सांधे बदलत अख्खे चिरे बसत नाहीत, तुकडे भरावे लागतात आणि भेग तिथूनच सुरू होते.

उंचीसाठी थर मोजा. ७ इंची चिरा १७८ मिलिमीटर, दर्जा (दोन थरांमधला सांधा) साधारण १२, एक थर १९०. खिडकीची खालची कड पाच थरांवर ९५०, दार-खिडक्यांचा माथा अकरा थरांवर २०९०. असं केलं की चिरा तासून अर्धा करावा लागत नाही. आपल्या चिऱ्याचा थर १८५ किंवा १९५ आला तर हे आकडे त्याप्रमाणे बदला.

दाराचा ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचं तयार चित्र) करताना आधार-बिंदू बिजागरीच्या कोपऱ्यावर ठेवा. ९०० चा ब्लॉक ताणून ७५० करू नका, चौकटीची जाडीही दबते. तीन मापांचे तीन ब्लॉक करा: १०५०, ९००, ७५०. प्रत्येक दार उघडलं की कुठे येतं हे चापाने दिसतं. न्हाणीघराचं दार संडासाच्या भांड्यावर उघडत नाही ना, स्वयंपाकघराचं दार ओट्याला लागत नाही ना, हे इथे पाहून घ्या. बसवताना उलटं हवं असेल तर मिरर वापरा आणि ‘मजकूर उलटू नये’ यासाठी मिरटेक्स्ट (MIRRTEXT) शून्य आहे ना पाहा.

भिंतीचं हॅच सर्वांत शेवटी करा. ‘हद्द बंद नाही’ असा संदेश आला तर कुठेतरी कोपरा उघडा आहे. झूम करून फिलेट शून्य लावा. एकावर एक पडलेल्या रेषा ओव्हरकिलने काढा. त्या दिसत नाहीत, पण प्रिंटमध्ये जाड उमटू शकतात.

मापं आणि मराठी मजकूर

मापांच्या तीन ओळी द्या: भिंतीजवळ दारं-खिडक्या, मधली खोल्या आणि भिंती, बाहेरची एकूण. आतल्या ओळीची बेरीज बाहेरच्याशी जुळलीच पाहिजे. डायमेन्शनचा आकडा हाताने कधीही बदलू नका. भिंत ४१८० ची झाली आणि वर ४२०० लिहिलं, तर पुढच्या प्रत्येक मोजणीत ते खोटं पसरत जातं. रेषा दुरुस्त करा, आकडा आपोआप येतो. जागेवर लागेल असं एक माप मात्र वेगळं लिहा: बाहेरच्या आयताचा कर्ण, ११५९० मिलिमीटर.

अक्षराची उंची कागदावर २.५ मिलिमीटर हवी. १:५० ला मॉडेलमध्ये १२५, १:१०० ला २५०.

खोल्यांची नावं मराठीत लिहायची असतील, आणि गवंड्यासाठी लिहावीतच, तर टेक्स्ट स्टाईलमध्ये युनिकोड फाँट निवडा: मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. श्रीलिपी-कृतिदेवसारखे जुने फाँट वापरले तर तुमच्या संगणकावर ‘माजघर’ आणि दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक अक्षरं. जुन्या आवृत्त्यांत वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. तसं दिसलं तर मंजुरीची प्रत इंग्रजीत ठेवा आणि कामाची प्रत पीडीएफ केल्यावर मराठी नावं नीट उमटली आहेत का ते मोबाईलवर उघडून तपासा.

प्रिंट

कामाचा प्लॅन १:५० ला ए३ वर बसतो: वळचणीसह छप्पर आडवं −७५० ते ९२४०, म्हणजे ९९९०, कागदावर २००, उभं −२७५० ते ८६४०, म्हणजे ११३९०, कागदावर २२८. ए३ कागद ४२० × २९७ आहे, मापं आणि नावाची पट्टी धरून जागा पुरते. मंजुरीचे नकाशे सहसा १:१०० ला लागतात, जागेचा नकाशा १:५०० ला. त्यावर सही परवानाधारक अभियंता किंवा आर्किटेक्टचीच चालते, म्हणून आपली फाईल त्यांना वेळेत द्या. ते लागू नियम आणि रंगांच्या खुणा बसवतील.

ऑटोकॅडमध्ये लेआउटच्या चौकटीत झूम करून १/५०एक्सपी द्या आणि चौकट कुलूपबंद करा. प्लॉटमध्ये ‘फिट टू पेपर’ची खूण काढा, स्केल १:१ ठेवा, प्लॉट स्टाईल मोनोक्रोम. लिब्रेकॅडमध्ये प्रिंट प्रिव्ह्यूमध्येच स्केल निवडता येतं. झेरॉक्सच्या दुकानात ‘पानावर बसवा’ हा पर्याय बहुधा आपोआप चालू असतो आणि नकाशा चार-पाच टक्के आक्रसतो. म्हणून कोपऱ्यात पाच मीटरची पट्टी काढून ठेवा. १:५० ला ती पट्टीने मोजून बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून गवंडी माप काढत असेल तर तीच पट्टी आणि लिहिलेले आकडे कामाला येतात. पाठवताना फोटो नको, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रत्येक बदलाला तारीख आणि क्रमांक असलेली नवी फाईल करा, आणि जुने प्रिंट जागेवरून परत घ्या. गवंड्याकडे एक आणि सुताराकडे दुसरा प्लॅन असला की चौकट भोकात बसत नाही. फाईल अचानक बंद पडली तर त्याच फोल्डरमधली बीएके फाईल डीडब्ल्यूजी नावाने बदलून उघडते. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये नकलून मगच बदला.

दोरीवर उतरवताना

लाईनआउटला, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करताना, प्रिंट, तीस मीटरची स्टीलची टेप आणि कॅडमधून काढलेली चार अंतरं न्या: घराच्या समोरच्या दोन कोपऱ्यांची प्रत्येकी दोन हद्दीच्या खुणांपासूनची अंतरं. त्यावरून समोरची भिंत ८४९० ची पडते. मागचा एक कोपरा ७८९० आणि कर्ण ११५९० च्या छेदावर, दुसरा ७८९० आणि ८४९० च्या छेदावर खुंटी मारून ठरवा, मग दुसरा कर्ण मोजा. दोन कर्णांत १० मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. जास्त असेल तर मागच्या दोन्ही खुंट्या एकाच दिशेला सरकवून फरक निम्मा करा आणि पुन्हा मोजा; समोरची भिंत हलवू नका, कारण पागोळीची ओळ आणि हद्द तिच्यावरून ठरली आहे. मग चुन्याने पागोळीची ओळही जमिनीवर मारा, पाया खणायच्या आधी, म्हणजे गटारीची जागा मातीचा ढीग टाकून कोणी बुजवणार नाही.